सगळ्यांचा श्वास वीस

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात कामाला लागले, तेव्हा माझं शिक्षण बारावी होतं आणि अनुभव काहीच नव्हता. लांज्याकडच्या गावातून लग्न होऊन शहरात आले होते. नवरा मुंबईला नोकरीला. सासूबाईच म्हणाल्या, "घरात बसून काय करशील? जा, चार गोष्टी शीक." पहिल्या दिवशी सकाळी अंगावर पांढरा ॲप्रन चढला आणि संध्याकाळपर्यंत पेशंट मला "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाका मारायला लागले. मला तर थर्मामीटरचा पारासुद्धा नीट झटकता येत नव्हता.

मला सगळं शिकवलं ते आपांनी. आपा बंदराजवळच्या मिरकरवाड्यात राहायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, डोक्यावरून ओढणी आणि आवाज असा की वॉर्डच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट गोळी घ्यायचा. आया म्हणून आल्या होत्या आणि बघत बघत सिस्टर झाल्या होत्या. त्यांच्याकडेही कागद कसलाच नव्हता. हॉस्पिटल चालवणारं जोडपं माझ्याहून फार मोठं नव्हतं. डॉक्टर हाडांचे आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या मॅडम, फिजिशियन. तेही दोघं त्यांना आपाच म्हणत.

मी येऊन तीन-चार वर्षं झाल्यावर मॅडमनी कॉम्प्युटर घेतला. ऑपरेशनच्या हिरव्या कापडाचं कव्हर शिवून त्याला घातलेलं बघून आपा मला म्हणाल्या, "बाय, ह्याचं पण ऑपरेशन हाय वाटतं आज." कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाने मॅडमना त्यात एक सोय करून दिली. प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी, ब्लडप्रेशर आणि श्वास आम्ही रोज त्यात भरायचा, मग त्याच्या रेघा पडद्यावर दिसायच्या. मला टाइप करायला शिकवलं. आपा शेजारी उभ्या राहून आकडे सांगायच्या आणि मी एका बोटाने ते दाबायची.

आठवडाभराने मॅडमनी आम्हाला दोघींना बोलावलं. पडद्यावर रेघा होत्या. तापाची रेघ घाटासारखी वर-खाली, नाडीची त्याहून जास्त वळणावळणाची. श्वासाची रेघ मात्र एका पेशंटची, दुसऱ्याची, तिसऱ्याची, सगळ्यांची फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ.

"आपा," मॅडम गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "ह्या सगळ्यांचा श्वास मिनिटाला वीस कसा हो? कुणाला दमा आहे, कुणाला ताप आहे, एकाचा नुसता अंगठा मोडलाय."

आपांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, समुद्राची हवा हाय आपल्याकडं. सगळ्यांना सारखीच मिळते."

मॅडमना हसू आवरेना. मग आम्हीही हसलो. खरं तर श्वास कुणीच मोजत नव्हतं. आम्हाला कुणी मोजायला शिकवलंच नव्हतं. आमच्या आधीच्यांनी वीस लिहिलं, आम्हीही वीस लिहीत गेलो. ताप मोजायला थर्मामीटर, ब्लडप्रेशरला पट्टा, आणि श्वासाला काहीच यंत्र नाही, म्हणून तो आपला सगळ्यांचा वीस.

मॅडम रागावल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सेकंदकाटा असलेली घड्याळं आली आणि त्यासोबत एक बातमीही. रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी एक सर्टिफिकेट कोर्स निघाला होता. शिकवायचं मॅडमनी आणि डॉक्टरांनी, पण परीक्षा घ्यायला माणसं बाहेरून येणार होती.

मी लगेच हो म्हटलं. आपांनी मात्र साफ नकार दिला. "चौथीनंतर मी परीक्षेला बसले नाय. ह्या हातांनी वाड्यातली किती पोरं जन्मताना झेलली, आता कोण माझी परीक्षा घेणार?" आठवडाभर त्या मॅडमच्या समोरसुद्धा येईनात. मला वाईट वाटत होतं. मॅडमचं चुकत नव्हतं, आपांचंही चुकत नव्हतं.

मग एके दिवशी आपा चहाच्या वेळेला आपण होऊन म्हणाल्या, "माझं नाव घाल गो त्यात." त्यांचा मुलगा कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामाला होता. फोनवर त्याच्याकडे मॅडमची तक्रार करायला गेल्या, तर तो म्हणाला, "अम्मी, मला पण इकडं येण्याआधी मुंबईत टेस्ट द्यावी लागली. साहेबासमोर मशीन खोलून परत जोडायला लावलं. घाम फुटला होता. पण आता इथं कुणी मला विचारत नाय की तुला काय येतं."

"पोरगा पास झाला," आपा बशीत चहा ओतत म्हणाल्या, "आणि आई घाबरली तर तो तिकडं तोंड कसं दाखवणार?"

कोर्स सुरू झाला. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू कसं करायचं, हे शिकायला मुंबईहून एक रबरी पुतळा मागवला होता. डोकं, गळा आणि छाती एवढाच. तो एसटीने येणार म्हणून आम्ही दोघी स्टँडवर गेलो. कंडक्टरने त्याला मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून बसवलं होतं. वाटेत चादर सरकून चेहरा उघडा पडला होता, आणि शेजारच्या सीटवर कुणीही बसलेलं नव्हतं. "घेऊन जा हो बाई," कंडक्टर म्हणाला, "चिपळूणपासून माणसं मला विचारतायत."

आम्ही त्याला रिक्षात मधे बसवलं. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

"सिस्टर, ह्यांना काय झालंय?"

"श्वास थांबलाय," आपा म्हणाल्या.

"मग हॉस्पिटलात न्यायला नको काय?"

"तिथंच तर चाललोय. तू सावकाश चालव."

तो सावकाश कसला चालवतोय! मारुती मंदिराच्या चढावर त्याने जे हॉर्न वाजवायला सुरुवात केली ते थेट आमच्या दारापर्यंत. पोचल्यावर त्याला सगळं कळलं. आपांच्या नावाने चार शब्द बोलला, मग खाली उतरून म्हणाला, "मला पण दाखवा, कसं दाबतात ते." दुपारभर तो आमच्याबरोबर छाती दाबायला शिकला. त्याचा जोर आमच्यापेक्षा चांगला होता, पण खोली आणि गती सांभाळायला डॉक्टरांनी त्यालाही दहा वेळा टोकलं.

परीक्षा घ्यायला कोल्हापूरकडच्या एक बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, बोलणं ठसठशीत. प्रात्यक्षिक खऱ्या पेशंटवर होतं. आपांच्या वाट्याला आले एक आंबेवाले आजोबा. त्यांना पेशंट म्हणून निवडल्याचा एवढा आनंद झाला होता की ते थांबायलाच तयार नव्हते. कलमं, मोहोरावर पडणारा तुडतुडा, मुंबईचा दलाल, सगळं परीक्षक बाईंना सांगायला लागले. बोलणाऱ्या माणसाचा श्वास मोजता येत नाही. आणि गप्प बसवून "श्वास मोजते" असं म्हटलं, तर तो मुद्दाम लांब लांब घ्यायला लागतो. मॅडमनी आम्हाला हे बजावून शिकवलं होतं. मी दारात उभी होते.

आपांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं, तपासू का असं विचारलं, हात धुतले. मग आजोबांचं मनगट धरलं. "आजोबा, आता नाडी मोजते. बोललात तर आकडा चुकेल, आणि तुमच्या वयाच्या माणसाची नाडी चुकीची लिहिली तर बरं दिसेल काय?" आजोबा गप्प झाले. आपांनी नाडी मोजली, आणि मनगट तसंच धरून त्यांच्या छातीकडे बघत पुढचं अख्खं मिनिट श्वास मोजला. आजोबांना पत्ता नाही. परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं.

माझी पाळी आली ती कॉम्प्युटरवर. मी पहिला आकडा दाबला आणि लाइट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला.

"आता काय कराल?" बाईंनी विचारलं.

माझ्या मनात आलं, आता घरी जाईन. पण तोंडातून निघालं, "कागदावर वेळ घालून लिहीन. लाइट आली की त्यात भरीन, आणि भरलेलं पुन्हा कागदाशी ताडून बघीन."

"आणि पेशंटची तब्येत बिघडलेली दिसली तर?"

"मग लाइटची वाट नाही बघणार. मॅडमना हाक मारीन."

"बस," बाई म्हणाल्या. "चहा मिळेल का?"

दोघीही पास झालो. आपांना श्वासाच्या प्रात्यक्षिकात माझ्यापेक्षा जास्त गुण होते, लेखीत मला त्यांच्यापेक्षा. त्यांनी छातीवर लावायचा बिल्ला करून घेतला, नाव आणि खाली कोर्स. तो लावून स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि कुवेतला पाठवला.

त्यानंतर काही महिन्यांनी मिरकरवाड्याचा एक तांडेल आमच्याकडे आला, ट्रॉलर हाकणारा माणूस. बर्फाच्या पेट्यांवर घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन छान झालं. माणूस गमत्या, वॉर्डभर गप्पा. एका सकाळी मी त्याचं मनगट धरून श्वास मोजला तर आदल्या दिवसापेक्षा बराच जास्त. ताप नाही, दुखत नाही, चेहरा हसरा. मी पुन्हा मोजला. तेवढाच. कॉम्प्युटरवर पाहिलं तर कालपासूनच रेघ वर चढत होती.

मॅडमना बोलावलं. तांडेल म्हणाला, "मला काय झालंय? मी बरा हाय." मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं आणि एक्स-रे काढायला सांगितलं. पडून राहिल्यामुळे न्यूमोनिया सुरू झाला होता. दुपारनंतर ताप चढला, पण तोवर औषध सुरू झालेलं होतं. दोन दिवस कठीण गेले. त्याच्या बायकोने आपांचा हात सोडला नाही. मग तो सावरला, आणि पुन्हा वॉर्डभर गप्पा सुरू. जाताना मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही नाडी किती वेळ मोजता हो! माझ्या मनात यायचं, हिला आकडे येत नायत वाटतं."

आपा खूप हसल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदाच "सिस्टर" ही हाक अंगाला बरोबर बसल्यासारखी वाटली.

त्या वर्षी मॅडमनी सगळ्या स्टाफला आरे-वारेच्या किनाऱ्यावर नेलं. आपांनी घरून बिर्याणी आणली होती, मी घावणे आणि चटणी. डॉक्टर पाण्यात गेले तर आपा काठावरून ओरडत होत्या, "लांब जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी मी कुणाला दाबणार नाय!"

आपा आता मुलाकडे, नातवंडांत असतात. मी पुढे तोच कोर्स शिकवायला लागले आणि कधीकधी परीक्षक म्हणून इतर गावांनाही जाते. परीक्षेला आलेल्या मुली भिंतीला टेकून उभ्या असतात, मनातल्या मनात उत्तरं घोकत. मी आधी त्यांच्याबरोबर चहा घेते. कुठल्या गावची, घरी कोण असतं, हे विचारते. मग म्हणते, "चला, पेशंटकडे जाऊया."