खोली करून राहिलेल्या आया

लातुरात काउन्सेलिंगचा बोर्ड लावणं म्हणजे डोक्याला ताप आहे. निम्मे लोक मेडिकलच्या प्रवेशाचं विचारायला गुणपत्रक घेऊनच आत येतात आणि इथे मनाचं काहीतरी चालतं हे कळलं की चपला शोधायला लागतात. जे खरे पेशंट असतात, ते गाडी दूर चौकात लावून, तोंडाला रुमाल बांधून येतात. बाजारात भेटले तर ओळख देत नाहीत. मीही देत नाही, धंद्याचा नियमच आहे तो. त्यामुळे गावाची इतकी दुखणी माहीत असूनही माझ्याशी चार शब्द बोलणारं इथे कुणी नाही. संध्याकाळी क्लिनिकला कुलूप लावताना ते फार जाणवतं.

अर्धापूरची एक बाई गुरुवारी दुपारी यायची. मुलगा बारावीला, नीटच्या क्लासला. त्याच्या जेवणाखाण्यासाठी तिने इथे खोली केली होती. आमच्याकडे हे सर्रास चालतं. एका लेकराला डॉक्टर करायला आई लातूरला येऊन राहते, मागे नवरा आणि उरलेली पोरं जमेल तसं भागवतात. हिची धाकटी मुलगी मागे राहिली होती. बाईची छाती धडधडायची. तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

मागे राहिलेली मुलगी मीही होते, नायगावला. भावाच्या बारावीसाठी आई लातूरला गेली, वडिलांना वेणी घालता येईना, म्हणून त्यांनी न्हाव्याकडे नेऊन माझे केसच कापून आणले. आई आता नाही. तिच्यावरचा राग मात्र जसाच्या तसा आहे. तो घरी ठेवून मी कामाला येते, अशी माझी समजूत होती.

मी त्या बाईला विचारायचे, मुलीची वेणी कोण घालतं? शाळेतून आली की घरात कोण असतं? ताप आला तर जवळ कोण बसतं? ती उत्तरं द्यायची, रडायची. ती रडली की मला बरं वाटायचं. काम चांगलं चाललंय म्हणून बरं वाटतंय, असं मी समजत होते.

एका गुरुवारी मी असंच काहीतरी विचारलं. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

"मॅडम, एक इचारू? तुमी माज्यावर चिडून राहिल्यात का?"

"नाही हो. असं का वाटलं?"

"दर बारीला माज्या पोरीचंच इचारता. तिला सोडून आले, ते मला म्हाईत हाय. सासरचे सांगून राहिले, शेजारचे सांगून राहिले. तेच ऐकायला हितं कशाला येऊ? पुढच्या टायमाला मी येत न्हाई."

ती उठली. मी घाबरले. ही बाई या दारातून गेली असती, तर पुन्हा कुणापुढेच तोंड उघडणार नव्हती.

"थांबा," मी म्हणाले. "चुकलं माझं. पोरगा क्लासला गेल्यावर खोलीत तुम्ही एकट्या असता. तुमचं कसं जातं, तेवढं सांगा."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"सांजच्याला घरी फोन लावते," ती म्हणाली. "पोरगी बोलत न्हाई. बापाचं झालं की मोबाइल घेती, पन गप. मी एकदा हाक मारते. तिचा श्वास तेवढा ऐकू येतो. लई बोलले तर ठेवून देईल, म्हणून मी बी गप बसते. मी काय तिच्या आदी फोन ठेवत न्हाई. तिनं ठेवला, की मग भाकरी टाकायला उठते."

माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, की अहो, तिला बोलायचं असतं, रागाने तिचा घसाच बंद होतो. पण तिच्या मुलीचं मला काय माहीत? मला माहीत होतं ते माझं. मी ते गिळलं, पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचं मध्ये न बोलता ऐकलं. जाताना ती म्हणाली, येते पुढच्या गुरुवारी.

ती गेल्यावर मी तशीच बसून राहिले. आमच्या घरीही रविवारी फोन यायचा. वडिलांचं बोलून झालं की ते रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. आई एकदा हाक मारायची आणि गप्प व्हायची. मी ओ द्यायचे नाही, थोड्या वेळाने रिसीव्हर ठेवून द्यायचे. तिला माझ्याशी बोलण्यासारखं काही नसतं, हे मी तेव्हा धरून चालले आणि ती जाईपर्यंत धरून बसले. तिच्या खोलीवर फोन नव्हता. ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून फोन करायची. मागे माणसांची रांग, समोर पळणारा मीटर, आणि तरीही आईने एकदाही माझ्याआधी फोन ठेवला नव्हता.