खिडकीला गज

सकाळपासून मी एक चित्र घेऊन बसले होते. शाईने काढलेला बाईचा चेहरा, कपाळाच्या जागी उघडी खिडकी आणि तिच्यातून बाहेर वाहणारा पातळ निळा जलरंग. मोकळं मन, दुसरं काय. शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या आणि चित्राकडे बघून म्हणाल्या, “छान आहे गं. न्हाऊन केस वाळवतेय ना ही?”

मी खिडकी दाखवली, अर्थ सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “असेल बाई. मला आपले केसच दिसतात,” म्हणाल्या आणि गेल्या.

माझं डोकंच फिरलं. लोकांना जरा वेगळं बघायला काय होतं? त्याच तिरमिरीत मी टाक उचलला आणि खिडकीची चौकट जाड केली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून कडी रेखाटली, मग आपल्या घरांना असतात तसे उभे गज. आता कुणालाही ती खिडकीच दिसणार होती, दुसरं काही दिसायची सोयच नव्हती.

शाई वाळल्यावर चित्र लांब धरून पाहिलं. मोकळ्या मनाला मीच गज बसवले होते, आणि शाई काही पुसता येत नाही. गजांबाहेरचा निळा रंग मात्र खरंच ओल्या केसांसारखा दिसत होता.