दुखलं का, बाबा?

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात बाबांच्या डाव्या गालावरचा, पिकलेल्या पुळीतला एक पांढरा केस धरला आणि ओढला. केस अलगद निघून आला.

"बाबूजी, दर्द हुआ?"

"हो," बाबा म्हणाले.

"नहीं हुआ?"

"हो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, अर्धांगाचा झटका आला त्यात बाबांचं उजवं अंग गेलं आणि बोलण्यातला एवढा एकच शब्द शिल्लक राहिला. चहा हवा असला तरी हो, नको असला तरी हो.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. दाढीच्या केसांच्या मुळाशी पू होतो त्याच्या दोन तऱ्हा, त्यांनी समजावलं. एक जंतूंची. तिच्यात केस घट्ट असतो, ओढला की माणूस कळवळतो. दुसरी बुरशीची. तिच्यात केस सैल होतो, ओढला तरी फारसं दुखत नाही. औषधं दोन्हींची वेगळी. "केस तर सैल आहे. पण फार पू झाला की तसाही होतो. इनको दर्द हुआ या नहीं, इतना पता चल जाता तो…"

आता चेहऱ्यावरून ओळखावं, तर बाबांचा चेहरा कुणाला काही सांगेल तेव्हा ना! नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला होते तेव्हा एकदा त्यांचं बोट यंत्रात सापडलं. घरी आले, डाव्या हाताने जेवले, आणि मग आईला म्हणाले, "जरा चिंधी दे." आपल्या दुखण्याबद्दल ताकास तूर लागू द्यायची नाही, यातच त्यांचा सगळा तोरा. लहानपणी मला त्याचा कोण अभिमान होता. त्या दिवशी दवाखान्यात मात्र संताप आला.

सुरुवात एका लाल चट्ट्याने झाली होती. त्यांची दाढी मीच करतो, म्हणून वाटलं वस्तरा लागला. आमच्या इथल्या लालबाग भागातल्या एका मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. "दाद, खाज, खुजली, सबकी एक दवा, भैया." चार दिवसांत गाल असा उजळला की मी बायकोपुढे मिरवून घेतलं. पुढे आगीतून फुफाट्यात. गालावर गाठी उठल्या, गाठींना तोंडं फुटली, उशी रोज सकाळी पिवळी व्हायला लागली. बाई म्हणाल्या, ट्यूबमधल्या स्टेरॉइडने वरची लाली दबली, आणि बुरशी असलीच तर ती खाली मुळांत निवांत वाढली.

उपटलेले केस लॅबमध्ये गेले. बुरशी दिसली नाही. पण ट्यूब लावल्यावर असूनही दिसत नाही म्हणे, म्हणजे नाही म्हणजे नाहीच, असंही नाही. घरात एक होतेच तसे बोलणारे, आता रिपोर्टही त्यांच्या पंगतीला बसला.

"घरी गाय, म्हैस, वासरू?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी ठासून सांगितलं.

"अहो, ती गाय नाही का, रोज पोळी खायले येते ती?" बरोबर आलेली बायको म्हणाली. "बाबा तिच्या मानेले गाल लावून बसतात."

खरंच होतं ते. सकाळी बाबांची खुर्ची दारात टाकली की गल्लीतली एक गाय यायची. बाबा डाव्या हाताने तिला पहिली पोळी भरवायचे आणि मग तिच्या मानेला गाल टेकून बसायचे. माझ्या पाठीवरून त्यांनी कधी हात फिरवल्याचं मला आठवत नाही, पण गायीचं भाग्य थोर. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं, तर तिच्या मानेवर पांढरट, खरबरीत चट्टे होते.

अशी बुरशी गुरांच्या अंगावरून येते, म्हणून ते चट्टे ऐकल्यावर बाईंनी बुरशी धरूनच चालायचं ठरवलं. आधी लिव्हरची तपासणी, मग कित्येक आठवड्यांच्या गोळ्या. ट्यूब बंद, वस्तरा बंद, गाय बंद. आणि सैल झालेले केस मी रोज चिमट्याने काढायचे.

दार आम्ही लावून घेऊ लागलो. बायको पोळी गल्लीच्या तोंडाशी नेऊन घालायची, पण गाय ती खाऊन पुन्हा दारापुढे येऊन हंबरायची. आतून बाबा दाराकडे बघत म्हणायचे, "हो, हो." त्यांना काय सांगणार?

संध्याकाळी मी चिमटा घेऊन बसायचो. "दुखलं का, बाबा?" "हो." मी थांबायचो. मग वाटायचं, हे तर नेहमीचंच, आणि पुढचा केस धरायचो. खरोखर दुखत असलं तर? ते कळायला माझ्याजवळ काही नव्हतं. एकदा माझा तोल गेला. "एकदा तरी नाही म्हणा ना!" मी ओरडलो.

"हो," बाबा म्हणाले.

बायको धावत बाहेर आली. "त्यांच्यावर काय चिडू राहिले? त्यांले जमतं का ते?" मी चिमटा ठेवला आणि मोरीत जाऊन रडलो.

हळूहळू गाठी बसल्या, पू आटला. एका संध्याकाळी केस निघेना. मी जरा जोर लावला, तर बाबांचा डावा हात उठला आणि फाडकन माझ्या मनगटावर बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी बायकोला हाक मारली, "अगं ये, दुखलं! बाबांना दुखलं!" वेड्यासारखे हसत होतो आम्ही, आणि बाबा रागाने आमच्याकडे बघत होते. बाईंनीही तपासून मान डोलावली. केस मूळ धरत होते, औषध लागू पडलं होतं.

आता गोळ्या संपल्या आहेत. जबड्याजवळ रुपयाएवढ्या जागेत दाढी उगवत नाही, ती कधी उगवणारही नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पण गेल्या आठवड्यापासून बाबा दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि डावा हात पोटावर ठेवून बसून राहतात. "पोटात दुखतं का?" "हो." "भूक नाही का?" "हो." सोनोग्राफीत काही निघालं नाही. मी त्यांच्या पोटावर हात ठेवतो, हळूच दाबतो आणि चेहऱ्याकडे बघत राहतो. तिथे काहीच हलत नाही. गालावरचा केस निदान ओढून तरी बघता येत होता. इथे काय ओढून बघू?