डिझाइन तपासणाऱ्या मॅडम

चष्मा कपाळावर सरकवून त्या डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, "दोघं एकदमच आले तर?" मग समजायचं, आज डिझाइन पास होत नाही.

शिरूरजवळच्या आमच्या कारखान्यात माल उचलणाऱ्या यंत्रांचं कंट्रोल बनायचं. चार-पाच यंत्रं एकाच वेळी चालणार. ती एकमेकांवर आदळू नयेत, अडकून पडू नयेत, असे नियम गिऱ्हाइकानं लिहून दिलेले. यंत्र बनण्याआधीच आमचं डिझाइन ते नियम पाळतं का, हे मॅडम बघायच्या. कोण आधी, कोण नंतर, याच्या सगळ्या शक्यता कॉम्प्युटरवर तपासायच्या. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, ज्याला येताना बघून सगळे चहाला उठतात.

एकदा काम सुरू करायची तारीख ठरली आणि मॅडम सही देईनात. दोन ट्रॉल्या, एक लिफ्ट, एक रूळ. साहेब तणतणत आले. "इतक्यांदा कॉम्प्युटरवर चालवून बघितलं, एकदा तरी अडकलं का?"

मॅडमनी वाद घातला नाही. साहेबांना आणि आमच्या फोरमन मामांना समोरासमोर उभं केलं. "सर, तुम्ही लिफ्ट धरलीय. मामा, तुम्ही रूळ. दोघांनाही दोन्ही लागतंय. दुसरं मिळाल्याशिवाय हातातलं सोडायचं न्हाई."

दोघं उभे राहिले.

"आता?" साहेबांनी विचारलं.

"आता काय न्हाई सर. असंच."

मामा म्हणाले, "म्हंजी जेवायला बी जायचं न्हाई व्हय?"

सगळे हसले, साहेबसुद्धा. मॅडम तेवढ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. डिझाइन बदललं. पुढच्या डिझाइनच्या वेळी साहेब पुन्हा तसेच तणतणत आले.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर असायचो. एकदा त्या वळून म्हणाल्या, "चूक सापडली की माझ्यामुळं उशीर. न्हाई सापडली की माझी गरजच काय. दमले ओ आता."

दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्यांचं भांडगाव आलं, तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. निरोपाचा गुच्छ मांडीवर कलंडलेला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "उठवा की मॅडमला."

मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मला अजून पुढं कासुर्डीला उतरायचं होतं, मागच्या सीटांवर यवतची माणसं होती, सगळीच शिफ्ट करून आंबलेली.

"झोपू द्या जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

ड्रायव्हरनं बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.