मेंढरांनी पेरलेला माळ

सातारा-आटपाडी गाडी कोरेगाव सोडेपर्यंत खिडकीतून ऊसच दिसत होता. दहिवडीच्या पुढे हिरवा रंग संपला आणि उघडे माळ सुरू झाले. मी निघाले होते मामेभावाकडे, दत्तूकडे. फौजेत वाळवंटातल्या चौक्यांवर उन्हात उभं राहून त्याचं अर्धं आयुष्य गेलं. आता आपल्या माळावर बाभळी लावून त्यांच्या सावलीत बसायचं, एवढीच त्याची हौस. दोन पावसाळे तो बी टोकत होता. एक रोप दिसलं नाही. यंदाही काही उगवलं नाही, तर मुरूम काढायला माळ देऊन टाकणार होता. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून मला बोलावणं.

बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोटभर खाल्ल्यावर त्याने माळ दाखवला. चारी बाजूंनी काटेरी तार. फौजीचं काम, कुठे ढिलं नाही.

"आक्का, तार वढल्यापास्नं एक मेंढरू आत आलं न्हाई. तरी कोंब न्हाई."

मी माती चिमटीत घेऊन गंभीर चेहरा केला. खरं तर काहीच सुचत नव्हतं. तारेबाहेरून परतताना एक काटा चप्पल भेदून टाचेत शिरला. कळवळून खाली बसले, तर भोवती वीतभर उंचीची बाभळीची रोपं, आणि त्यांच्या मुळाशी जुन्या लेंड्या.

जवळच हौसाबाई मेंढरं चारत होत्या. सत्तरीच्या धनगर बाई, दत्तूच्या ओळखीच्या.

"गेल्या साली हितं आमचा वाडा व्हता, रातीला मेंढरं हितंच बसायची. मग सालभर हिकडं फिरकलो न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी कोरडंच बी टोकलं व्हय? त्येचं कवच लय टणक. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या, की पोटात बी मऊ पडतं. मग उगवतं."

हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. भावाच्या माळावर मात्र आठवलं नाही. लाज वाटली.

दत्तूचा चेहरा पडला. "ज्यास्नी दोन वर्सं भायेर ठेवलं, त्यास्नीच आत घ्यू?"

"आवं फौजी, चार राती बसवून बघा. शेंगांचाच हंगाम हाय. पर कोंब आलं की आमाला आत घ्यू नका. मेंढरू कोवळं ठेवत न्हाई."

धान्य देऊन रानात खतासाठी मेंढरं बसवायची इकडे रीतच आहे. पण ती पिकाच्या रानात. पडीक माळावर कोण बसवणार? दत्तूने संध्याकाळपर्यंत आढेवेढे घेतले. मग पक्कड आणून तार सोडली.

गणपती झाल्यावर पुन्हा गेले. तारेच्या आत जागोजागी बोटभर बाभळी वर आल्या होत्या. दत्तू हात धरून मला एकेक दाखवत होता, तेवढ्यात हौसाबाईंचा कळप आला. आम्ही आत येताना तार उघडीच राहिली होती; ओळखीची जागा पाहून मेंढरं सरळ आत घुसू लागली. आम्ही धावत पोहोचण्याआधीच हौसाबाईंनी काठी आडवी धरली, मेंढरं मागे रेटली आणि स्वतःच्या हाताने तार ओढून बांधली. बाहेर गवत फारसं नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

"माज्या मेंढरांनी लावल्यात," त्या दत्तूला म्हणाल्या. "मोठी झाल्यावर शेंगा कुणाच्या?"

"तुमच्याच," दत्तू म्हणाला.

त्या मान हलवून कळपामागे निघाल्या. बाभळीला शेंगा धरायला अजून पाच-सहा वर्षं तरी लागतील. परतीच्या गाडीत आधी मला या कराराचं हसू आलं. मग हौसाबाईंचं वय आठवलं, आणि कोरेगावचा ऊस कधी लागला ते कळलंच नाही.