मी सांगितलेले दहा फूट

मी दहा फूट म्हणाले आणि समोरच्या साहेबांनी ते लिहून घेतलं. माझं नुकसान तिथेच झालं, पण ते कळायला मला सात-आठ महिने लागले.

सभा शाळेत होती. कर्जत-पनवेलच्या एका रुळाचे दोन होणार, लोकल सुरू होणार, चौक गावाच्या अलीकडे आमच्या गावाशेजारचं स्टेशन नवं होणार, म्हणून रेल्वेचे साहेब आले होते. दोन तास गावातले पुरुष एकाच गोष्टीवर भांडले. स्टेशनचा जिना कुठल्या बाजूला उतरणार? ज्याची जागा रुळांच्या उगवतीला त्याला जिना उगवतीला हवा, ज्याची मावळतीला त्याला मावळतीला. रिक्षा कुठे उभ्या राहणार यावरून तर दोघे सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. फाटक कायमचं बंद होऊन रुळांखालून बोगदा होणार, हा विषय अगदी शेवटी निघाला. तेव्हा चहा आला होता आणि निम्मी माणसं उठून दाराशी गेली होती. हा राग माझ्या मनात अजून आहे. ज्या जिन्यावरून एकही लोकल अजून कुणी पकडली नाही त्याला दोन तास, आणि ज्या फाटकातून माझा धंदा रोज ये-जा करतो त्याला पाच मिनिटं.

माझा धंदा पेंढ्याचा. भातं झोडून झाली की रुळांपलीकडच्या गावांतून मी पेंढा विकत घेते, अलीकडे माझ्या आवारात आणून रचते आणि तबेलेवाल्यांचे ट्रक तो घेऊन जातात. सुरुवातीला डोक्यावर भारे वाहायचे. मग हातगाडी, मग भाड्याचा टेंपो, मग स्वतःचा. तो माझा धाकटा दीर चालवतो. शेतकऱ्याशी सौदा करायची माझी ठरलेली जागा म्हणजे बंद फाटक. गाडी येईपर्यंत त्याला हलता येत नाही आणि घरी जायची घाई असते. मी आपली निवांत. इंजिनाचा आवाज जवळ आला की तो वैतागून म्हणणार, "घे गं बाय, तू म्हणशील तसं," आणि फाटक उघडायच्या आत सौदा झालेला असणार.

पेंढा वजनाला हलका, जागेला भारी. एका खेपेत जास्त आणायचा तर वर वर रचावा लागतो. फाटकावर विजेच्या तारांना गाडी लागू नये म्हणून लोखंडी कमान होती. तिच्याखालून माझा भरलेला टेंपो वीतभर जागा ठेवून जायचा. टेंपोची उंची चौदा फूट. दिराला ते डोळे मिटूनही कळायचं.

तर सभेत साहेबांनी विचारलं, "या रस्त्यानं जाणारं सगळ्यात उंच वाहन कुणाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. साहेबांच्या शेजारी तालुक्याहून आलेला एक माणूस वही उघडून बसला होता. हायवेला उंच भरल्याबद्दल मला दोनदा अडवलेलं आहे. वहीवाला माणूस गाडीची उंची विचारायला लागला की काय सांगायचं, ते माझ्या जिभेला पाठ आहे.

"दहा फूट," मी म्हणाले.

"भरलेलं?"

"भरलेलंच."

दाराशी उभ्या असलेल्या दिराने मान वर केली. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मान खाली घातली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी सही केली आणि चहा प्यायले. आपण हुशारी केली असंच मला वाटत होतं.

पावसाळा संपता संपता बोगद्यासाठी काँक्रीटच्या चौकटी ट्रेलरवर लादून आल्या. एका दिवशी गाड्या थांबवून त्या रुळांखाली बसवल्या. सगळं गाव बघायला गेलं. मी गेले आणि बोगद्याच्या तोंडाची उंची डोळ्यांनी मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लांब बांबू घेतला, भरलेल्या टेंपोच्या उंचीवर त्याला लाल चिंधी बांधली आणि बोगद्याच्या तोंडाशी उभा केला. बांबू आत जाईना. चिंधी छताच्या वर दोन फूट राहिली. मी तिरका केला, पुन्हा सरळ केला. जणू माझ्याशी घासाघीस करून बोगदाच उंच होणार होता.

दिराला म्हणाले, "तुला माहीत होतं. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तूच शिवलंस वयनी. असं बघितलंस माझ्याकडं का मला वाटलं, आता बोललो तर घरी जेवन नाय."

"आणि गावाला? गावाला नव्हतं माहीत?"

"समद्यांना म्हाईत व्हतं. म्हनून तर हसले."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दिवाळीनंतर लगेच पेंढा पडतो आणि जो आधी उचलेल त्याचा तो होतो. रसायनीकडचा एक व्यापारी कधीपासून आमच्या पलीकडच्या गावांवर डोळा ठेवून आहे. दोन फूट कमी म्हणजे दोन थर कमी. जिथे दोन खेपा तिथे तीन. लोधिवलीवरून हायवेने वळसा घालायचा तर पुन्हा तो वहीवाला. मी भाकरी थापताना थर मोजायचे, भाकरी करपायची.

शेवटी साइटवरच्या इंजिनियरकडे गेले. तरुण मुलगा, देशावरचा, सभेत साहेबांच्या मागे बसलेला. आधी मी गावाच्या नावाने आवाज चढवला. गावाची मागणी आहे, गाव गप्प बसणार नाही, वगैरे. त्याने शांतपणे फाइल उघडली.

"काकू, हे बघा. सर्वांत उंच वाहन, दहा फूट. सही कुणाची?"

"माझीच. पण आकडा खोटा."

त्याने पेन खाली ठेवलं. "खोटा का सांगितलात?"

"तुमच्या साहेबांशेजारी वहीवाला बसला होता."

"ती वही त्यांच्या प्रवासभत्त्याची होती, काकू," तो म्हणाला. "आणि आम्ही तुम्हाला बारा दिले. म्हटलं, काकूंना दोन फूट जास्तच होतील."

मी हसले नाही. "अजून दोन द्या."

"छत कसं उचलू? वरून गाड्या जाणार."

"मग खाली खणा."

"एक फूट जमेल."

"दीड."

"काकू, ही कोथिंबीर नाही."

एकावर आलो. पण त्याने पुढचं सांगितलं. आत्ता बोगद्यातलं पाणी उताराने शेजारच्या ओहोळात जातं. एक फूट खाली गेलं की ते जाणार नाही, चार महिने साचून राहील. पंप बसवता येईल, पण तो चालवायची जबाबदारी गावाला घ्यावी लागेल. म्हणून सगळ्यांची लेखी संमती हवी, रुळांपलीकडच्या वाडीवरच्यांचीसुद्धा, कारण त्यांची वाट तीच.

गावातल्या सह्या मला अर्ध्या दिवसात मिळाल्या. ज्याला जिना उगवतीला हवा होता त्याला म्हणाले, तुझ्या जिन्याच्या अर्जावर मी सही केली होती. ज्याला मावळतीला हवा होता त्यालाही तेच म्हणाले, आणि तेही खरं होतं. पाण्याबद्दल कुणी विचारलं नाही. सगळ्यांकडे मोटारसायकली.

वाडीवर गेले तेव्हा उन्हं उतरली होती. माझ्या आवारात पेंढ्या बांधायला येते ती बाई अंगणात चवळीच्या शेंगा निवडत बसली होती. दहा-बारा वर्षं माझ्याकडे आहे. शेजारी आणखी चार बायका. मी कागद पुढे केला.

"पानी कुटवर येल?" तिने विचारलं.

"घोट्यापर्यंत."

"कंचा घोटा? तुजा टेंपो दा फूट, तसा घोटा?"

बायका अशा हसल्या की एकीच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. म्हणजे सभेतला आकडा वाडीपर्यंत पोचला होता.

"खरं सांग गं बाय," ती म्हणाली. हसत नव्हती.

"गुडघा," मी म्हणाले. "ओहोळ भरला तर वर."

ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. "आमी आता भाजी घेऊन त्या ठेसनात बसनार. डोईवर पाटी असली का खाली बघता येत नाय. पाय कुटं पडतो त्ये पायालाच कळलं पायजे. गढूळ पान्यात काय कळंल?"

"पंप बसवणार आहेत."

"कोन चालवनार? तू?"

"मी चालवीन."

"टेंपो अडकला तर चालवशील. आमी अडकलो तर?"

माझा तोल गेला. दहा वर्षं कुणाच्या जिवावर घर चालवलंस, असं मी तिला सगळ्यांदेखत म्हणाले. उद्यापासून येऊ नको, असंही म्हणाले. ती "बरं" म्हणाली आणि शेंगांचं सूप झटकून आत गेली. कागदावर अंगठा उठला नाही.

परत येताना बोगद्यातूनच आले. आत अजून चिखल होता. मध्यावर पाय घसरला, मी भिंतीला हात टेकला. माझ्या डोक्यावर काही नव्हतं, हातात नुसती एक पिशवी. ज्या काळात मी भारे वाहायचे, तेव्हा फाटकातले रूळ मी कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. टाच लोखंडाला लागली की कळायचं, आता पुढचा रूळ. चार पावलं, दुसरी टाच. इतक्या वर्षांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं, आणि आठवलं म्हणून मला बरं वाटलं असंही नाही. राग आला. तिचा, गावाचा, त्या वहीवाल्याचा.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आवारात हजर.

"येऊ नको म्हटलं होतं ना?"

"रागात बोललीस. जुन्या गंजीतल्या पेंढ्या बांधायच्या राहिल्यात," ती म्हणाली आणि दोर सोडवायला बसली.

तिच्याशी पुन्हा मी त्या कागदाबद्दल बोलले नाही. तो इंजिनियरला दिलाही नाही. मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. वाडीच्या बायका माझ्यावर उलटल्या तर पेंढ्या कोण बांधणार, हा हिशेबही होताच. दोन दिवसांनी इंजिनियरचा फोन आला.

"काकू, संमतीचं काय झालं? फरशी ओतायचीय."

"ओता," मी म्हणाले. "आहे तशीच ओता."

फाटक बंद झालं आणि त्याच महिन्यात पेंढा पडला. रुळांपलीकडच्या माझ्या जुन्या शेतकऱ्याने फोन केला. "परवा ढगाळ हाय म्हनतात. उद्याच्या उद्या समदा उचलशील ना?"

या प्रश्नाला मी आजवर हो याखेरीज काही म्हणाले नव्हते. आधी हो म्हणायचं, मग कसं ते बघायचं. तोंडाशी आलेला हो मी गिळला.

"उद्या नाही होणार. बोगद्यातून कमी भरून आणावं लागतं. दोन दिवस लागतील."

तो म्हणाला, "मंग आर्धा तुजा. आर्धा रसायनीवाल्याला सांगतो. वाईट वाटून घेऊ नको गं."

मी फोन पेंढ्याच्या गंजीवर फेकला. तो आत घुसला आणि शोधायला तिघांना लागावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप भरताना मी स्वतः पलीकडे गेले. बांबूवरची लाल चिंधी सोडून खाली बांधली, बारा फुटांच्याही चार बोटं खाली. दिराला सांगितलं, याच्यावर एक पेंढी नको. मग त्याला थोड्या वेळाने निघायला सांगून मी पायवाटेने रूळ ओलांडून आधी आवारात परत आले. पूर्वी इथून टेंपो फाटकापासूनच दिसायचा, रुळांवरून डुलत येणारा पेंढा. आता तो उतारावर खाली जातो आणि नाहीसा होतो. वरून एक मालगाडी जात होती. तिचे डबे संपेनात. पेंढ्या बांधणारी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, हातात दोर तसाच.

"घासेल," मी म्हणाले.

"आईक," ती म्हणाली.

मालगाडी गेली. आतून सरसर असा आवाज आला, सुपात दाणे फिरवल्यासारखा. वरचा थर छताला लागत होता. आवाज थांबला. मी चार मोजले, पाच मोजले. मग या बाजूच्या चढावर आधी पेंढा दिसला, वरून जरा विस्कटलेला, आणि मागून दिराचा हॉर्न. बोगद्याच्या छताला काड्या लटकत राहिल्या होत्या.

"उद्या अजून एक थर कमी कर," ती म्हणाली आणि पुन्हा कामाला बसली.

"अर्धा," मी म्हणाले.