धनदांडग्याला भाऊ म्हणणारी

आमची मंडळी जगात फक्त पालीला घाबरायची. माणसाला नाही. मी दुसरी शिकलेला, ती सातवी. म्हणून पेपर ती वाचायची आणि मी ऐकायचो. पण अडलेला शब्द सोडून पुढं जाणं तिला जमायचं नाही.

एकदा बातमीत 'धनदांडगे' आलं. मी म्हटलं, "श्रीमंत लोक, दुसरं काय! वाच पुढं." तर ही पेपर घेऊन गेली शाळेत, गुरुजींकडं. परत येऊन म्हणाली, "अवो, दांडगा हा आधीचा शब्द. अंगातल्या जोरावर दुसऱ्याला दाबतो तो दांडगा. आता जोर पैशात आला, म्हणून त्याला धन जोडलं. नुसता श्रीमंत असला म्हंजे धनदांडगा नाय. पैशाच्या जोरावर दाबतो, तो."

मग आमच्या गावात, कडावला, आमच्या शेताच्या वरचं शेत बंगल्यासाठी विकलं गेलं. नव्या मालकानं बांधावरच भिंतीचा पाया खणला. वरच्यानं खालच्या शेताला पाणी सोडायचं, ही आमच्याकडची रीत. पाण्याची ती वाट बुजली तर आमचा भात वाळणार. मी हात टेकले. "धनदांडगे हायेत गं ते. आपण पण विकून टाकू."

"आदी बोलून तर बघू. दांडगा हाय का नुसता श्रीमंत, ते तरी कळंल."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं सावड होती. एकमेकींच्या शेतात पाळीनं लावणी करणाऱ्या बायका जमल्या होत्या. हिनं त्यांना नेऊन थेट त्या पायाच्या खड्ड्यात बसवलं.

गवंडी म्हणाला, "मावशी, उठा. शेट ओरडंल."

"ओरडू दे रं. तू तंबाखू मळ तवर."

शेट गाडीतून उतरला. ही म्हणाली, "भाऊ, भिंत घाला. पाण्याला वाट तेवढी ठेवा." त्यानं खाली आमच्या शेताकडं बघितलं. मग गवंड्याला म्हणाला, खालून दोन पाइप टाक. मी तेव्हा आंब्यामागं उभा होतो. खोटं कशाला बोलू.

"नुसता श्रीमंत निघाला," म्हणून ही दिवसभर हसत होती.

तिला जाऊन दोन वर्षं होतील. पेपर मी बंद केला. पाइपातून पाणी येतं, भात होतो. लावणीला बायका येतात, पण बांधावरून हाक मारणारं कुणी नाही.

जमिनीचा दलाल महिन्याला येतो. "काका, काय ठरलं?"

माझ्या तोंडून निघून जातं, "घरात इचारून सांगतो."

तो चपला घालतो. हिच्या तेराव्याला तो आमच्याकडं जेवून गेलाय.